वायल, वायलं आणि कुपी

'वायल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?

माझ्या आईच्या डोळ्यांसमोर साडी येते. पातळ, सुती, उन्हाळ्यात अंगावर बरी वाटणारी वायलची साडी. माझा एक रूममेट औषध कंपनीत होता, त्याच्या डोळ्यांसमोर काचेची बोटभर बाटली यायची, रबरी बुचाची, वर ॲल्युमिनियमचं टोपण असलेली. आणि माझ्या आत्याच्या डोळ्यांसमोर येतं ते आमच्या घरातलं 'वायलं'. वायलं म्हणजे वेगळं, बाजूला काढलेलं. दोन भावांची चूल वेगळी झाली की ते 'वायले निघाले'. चुलीला जोडून आमटी ऊन राहायला जे दुसरं तोंड असतं तो वैल, पण आत्याच्या तोंडी तोही जवळजवळ वायलच.

एरवी हा एक बरा विनोद झाला असता. पण २०२३च्या ऑक्टोबरात ह्या गोंधळात आमच्या घरातल्या एका पोराची अर्ध्या तासाच्या आसपास वेळ गेली, आणि ती वेळ साधी नव्हती.

आत्याचं गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या अंगाला. भात कापणीचे दिवस. संध्याकाळी भारे उचलताना तिच्या नऊ वर्षांच्या नातवाला पायाला घोणस चावली. (घोणसच, हे नंतर ठरलं. त्या क्षणी सगळ्यांनी नुसतं 'जनावर' म्हटलं. आमच्याकडे संध्याकाळी सापाचं नाव घेत नाहीत.) त्यातल्या त्यात बरं म्हणजे कुणी मांत्रिकाकडे नेलं नाही, कुणी जखमेवर ब्लेड मारलं नाही, शेजारच्या पोराने सरळ मोटारसायकल काढली. तासाभरात पोर दवाखान्यात.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोराचं थोडं रक्त एका काचेच्या नळीत घेतलं, नळी स्टँडला उभी ठेवली आणि घड्याळ लावून बसले. आत्याला हे भलतंच वाटलं. पोर कण्हतंय आणि डॉक्टर घड्याळ बघतोय! पण ती तपासणी तशीच असते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी आडवी करून बघायची. रक्त गोठलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. लाखो रुपयांची यंत्रं नसलेल्या खेड्यात, काचेच्या चिमुकल्या भांड्याच्या जोरावर घोणस आणि फुरसं ओळखता येतं. मला तर ही तपासणी फारच आवडली. आमच्या धंद्यात इतकी साधी टेस्ट केस कुणी लिहीत नाही.

रक्त गोठलं नाही. डॉक्टर म्हणाले, "दहा वायल लागतील. इथे चारच आहेत. ते लावतो, बाकीच्यांसाठी पुढे हलवायला लागेल."

आत्याने ऐकलं ते असं : पोराला वायलं ठेवणार, आणि इथून हलवणार.

तिने पोराचा हात धरला आणि सोडेना. "मी पोराला वायलं सोडनार नाय. काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे." कोविडच्या वर्षात आमच्या भावकीतला एक माणूस असाच 'वायला' ठेवला होता, तो परत आला नाही. हे त्या डॉक्टरांना कसं ठाऊक असणार? त्यांना वाटलं, बाई इंजेक्शनला नाही म्हणते आहे. मग ते तिला रिॲक्शन, कन्सेंट वगैरे समजावत बसले, आणि तिला वाटलं की आता कागदावर अंगठा घेऊन पोर काढून घेणार.

मग मला फोन. मी ठाण्यात, हापिसातून निघालेला, पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेला. डॉक्टरांशी बोललो, एका मिनिटात सगळं कळलं. आत्याला फोन द्या म्हटलं आणि मोठ्या शहाणपणाने तिला सांगितलं, "अगं, दहा बाटल्या औषध द्यायचंय त्याला."

"दहा बाटल्या? एवढंसं प्वार, त्याच्या अंगात दहा बाटल्या पानी भरनार?"

बरोबरच आहे हो. आमच्याकडे 'बाटली लावली' म्हणजे सलाईन. 'बाटली घेतो' म्हणजे दारू. बाटलीला तिसरा अर्थच नाही. म्हणजे डॉक्टरांची चूक मी जास्त आत्मविश्वासाने परत केली. कॉल लॉग अजून आहे माझ्याकडे : पहिला फोन ७:१२, शेवटचा ७:४१.

शेवटी कोंडी फुटली ती अपघाताने. मी म्हटलं, "लशीची असते ना छोटी, बुचाची, सुई खुपसतात ती, तसल्या दहा."

"कुप्या व्हय? मंग तसं सांग की मेल्या!"

आत्याला 'कुपी' कुठून ठाऊक? तर २०२१च्या लसीकरणातून. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागायची, उरलेलं फेकून द्यायचं. त्यामुळे गावातली आशाताई आधी ओट्यावर माणसं मोजायची. "आठच हायत, अजून दोघं आना, तवर कुपी खोलनार नाय." आत्या स्वतः शेजारणीला ओढून घेऊन गेली होती, कुपी वाया जाऊ नये म्हणून. म्हणजे त्या बाईने हा शब्द नुसता ऐकला नव्हता, त्या शब्दात मोजलं होतं.

चार कुप्या तिथे लागल्या, १०८ची गाडी आली, उरलेल्या पुढच्या मोठ्या दवाखान्यात लागल्या. पोर वाचलं. पायावर डाग राहिलाय.

त्या रात्रीपासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. मग नेहमीप्रमाणे वीकेंडला कोश काढून बसलो. आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाहीये.

कुपी ही संस्कृत कूपी. कूप म्हणजे विहीर, खड्डा, खोलगट जागा. कूपमंडूक आपण शाळेत भेटलोय. त्वचेवरच्या केसांच्या छिद्राला रोमकूप म्हणतात, तोही हाच कूप. त्याचं धाकटं रूप कूपी. संस्कृत कोशांत कूपीचे अर्थ बघा : लहान विहीर, बेंबी आणि बाटली. मला हे वाचून इतकं छान वाटलं की काय सांगू. अरुंद तोंड, आत खोल, तळाशी थोडंसं मोलाचं पाणी. कुपी म्हणजे हातात मावणारी विहीर!

आणि हा शब्द नुसता अत्तरवाल्यांचा नाही. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-गंधकाच्या शास्त्रात, 'कूपीपक्व' नावाचा औषधांचा अख्खा वर्ग आहे. काचेच्या कुपीला चिकणमातीत भिजवलेल्या कापडाचे सात थर गुंडाळायचे, वाळूने भरलेल्या भांड्यात ती पुरायची, खालून तास न् तास जाळ द्यायचा. रससिंदूर, मकरध्वज असे तयार होतात. निवल्यावर कुपी फोडून गळ्याशी जमलेलं औषध काढून घ्यायचं. त्या औषधांच्या गुणाबद्दल मी काही बोलणार नाही, पाऱ्याच्या वाटेला न गेलेलं बरं. मुद्दा एवढाच की औषध आणि कुपी ही जोडी आपल्याकडे जुनी आहे. कुणी परिभाषा समितीत बसून पाडलेला शब्द नव्हे हा.

छोट्या भांड्याला वेगळं नाव हवं, ही हौस तर आणखी जुनी. तेल-तुपाच्या कातडी बुधल्याला संस्कृतात कुतू म्हणत आणि लहान बुधलीला कुतुप. आणि पाणिनीने 'कुतू'पासून 'कुतुप' कसा होतो, एवढ्यासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्च केलंय. एका तेलाच्या बुधलीसाठी एक सूत्र! आमच्याकडे एका क्लायंटसाठी एक वेगळी इफ-कंडिशन टाकली तर कोड रिव्ह्यूमध्ये शिव्या पडतात. :)

(कुतुप आणि कुपी ह्यांच्यात नातं जोडायचा मोह होतो, पण कूपी सरळ समोर उभी असताना तो मी आवरतो.)

बरं, आता वायलची कुळकथा. ही जास्त मजेची. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये ग्रीक 'फियाले'पासून. ग्रीकांची फियाले काय होती माहितीये? उथळ, पसरट वाडगं. देवापुढे मद्य ओतायचं पात्र. म्हणजे परातीच्या जातीचं भांडं फिरत फिरत, तोंड आवळत आवळत बोटभर बाटली झालं. बाटलीही परकीच, ती साबण, चावी, बादली ह्यांच्याबरोबर पोर्तुगीज गलबतातून उतरली असं सांगतात. इंग्रजी 'बॉटल' तिची चुलतबहीण आणि दोघींची आजी लॅटिनमधली, जिचा अर्थ छोटं पिंप. शिशी फारसी, शीशा म्हणजे काच. तिघींच्या जन्मकथा तपासल्या तर एक वाडगं, एक पिंप आणि एक नुसती काच. अरुंद आणि खोल ह्या आकारावरून जन्मलेली आपली कुपीच एकटी.

पण म्हणून मी कुपीचा आग्रह धरत नाहीये, हे नीट सांगतो, नाहीतर लगेच मला भाषाशुद्धीवाल्यांच्या टेबलावर बसवाल. मी दिवसभर 'डिप्लॉय केलं, क्रॅश झालं, रोलबॅक मारला' असं बोलतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. बाटली पोर्तुगीज आहे म्हणून तिला परत पाठवायची गरज नाही. शब्द कुठून आला ह्याने काही ठरत नाही. समोरच्या माणसाला तो मोजता येतो का, ह्याने ठरतं.

कारण सर्पदंशात कुपी हे नुसतं भांडं नाही, ते माप आहे. आपल्याकडचं प्रतिविष चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चेन्नईजवळची, १९७८मध्ये स्थापन झालेली इरुळा लोकांची सहकारी संस्था साप पकडून विष काढते. ते विष थोडं थोडं घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होतं. हाफकिनचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय ते ह्यासाठीच. कुपीत त्याची पांढरी पूड असते, त्यात दहा मिली पाणी घालून विरघळवतात. एक मिली औषध घोणशीचं सुमारे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतं. म्हणजे एक कुपी सहा मिलिग्रॅम. घोणस एका चाव्यात सरासरी साठ-पासष्ट मिलिग्रॅम विष सोडते असा हिशेब धरला, की उत्तर येतं दहा कुप्या. तिसरीच्या पोराला जमेल असा हा गुणाकार आहे.

आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आत्याने दवाखान्यात विचारलीच नाही आणि नंतर फोनवर मला विचारली : "प्वार एवढंसं, मंग अर्ध्या कुप्या नाय का चालनार?" नाही चालणार. सापाने पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं. औषध माणसाच्या वजनाशी नाही, विषाच्या वजनाशी भांडतं. त्यामुळे नऊ वर्षांच्या पोरालाही दहाच, नव्वद किलोच्या माणसालाही दहाच. वीस मिनिटांची तपासणी काही तासांनी पुन्हा करायची, रक्त तरीही गोठत नसेल तर आणखी. हे एकदा कळलं की नातेवाईक योग्य प्रश्न विचारायला लागतात. इथे किती आहेत? पुढे किती मिळतील? फोन करून खात्री केलीत का? वाटेत किती वेळ जाईल?

हे प्रश्न विचारायला आधी 'किती' कशाचे, ते कळावं लागतं. त्या रात्री आत्याला कळलं नाही म्हणून ती भांडली ती भलत्याच गोष्टीसाठी. तिची सगळी ताकद पोराचा हात धरण्यात गेली. तीच बाई 'चारच का? बाकीच्या सहा कुठं मिळतील?' म्हणून भांडली असती, तर त्या दवाखान्याला घाम फोडला असता. तिला मी ओळखतो. रेशनच्या दुकानात वजन मारलेलं तिला डोळ्यांनी कळतं.

भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली असा २०२०मध्ये छापून आलेला अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, बहुतेक पावसाळ्यात. आपल्या ठाणे जिल्ह्याचंच बघा ना, एका टोकाला आपण हिरानंदानीत सोसायटीच्या बागेत धामण दिसली तरी व्हॉट्सॅपवर हलकल्लोळ करतो, आणि दुसऱ्या टोकाला शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर माणसं भुईवर झोपतात. मण्यार रात्री झोपेतच चावते, दुखतही नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. केंद्र सरकारने २०२४मध्ये राष्ट्रीय कृती योजना काढली, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. चांगलंच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांसारखी माणसं विंचू आणि सापाच्या विषाशी खेड्यात राहून आयुष्यभर झगडली, त्याचं हे थोडं उशिराचं फळ.

पण योजना कागदावर इंग्रजीत सुरू होते आणि तिचं शेवटचं टोक आत्याच्या कानात असतं. तिथे जो शब्द पोचतो तो महत्त्वाचा.

ह्यावर माझ्या एका डॉक्टर मित्राने हरकत घेतली. म्हणाला, "रात्री तीन कॅज्युअल्टीत भाषांतर करत बसू का? नर्सला व्हायल म्हणावंच लागतं, स्टॉक रजिस्टरमध्ये व्हायलच लिहिलेलं असतं." मान्य. रजिस्टरमध्ये व्हायलच लिही, नर्सला व्हायलच माग. माझं म्हणणं फक्त कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या बाईपुरतं आहे. आम्हीही डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव काहीच्या काही ठेवतो, पण स्क्रीनवर युजरला ते दाखवत नाही. दाखवलं तर बग म्हणून परत येतं, आणि आलं पाहिजे. १९९९मध्ये नासाचं मंगळाकडे निघालेलं यान वाया गेलं, कारण एका टीमचं सॉफ्टवेअर एका मापात बोलत होतं आणि दुसरं दुसऱ्या. तिथे दोन्हीकडे इंजिनियर होते. इथे एका बाजूला थकलेला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला घाबरलेली आजी. गोंधळ होणार नाही तर काय?

मित्राची दुसरी हरकत जास्त खरी होती. "कुपी किती लोकांना कळतं रे? मला तर गुलाबपाणी आठवतं."

हे मात्र आपल्या लेखक मंडळींचं पाप आहे. 'आठवणींची कुपी', 'कुपीतलं अत्तर', 'मनाच्या कुपीत जपलेलं'... दिवाळी अंकात दर चार पानांनी एक कुपी उघडते. ह्या शब्दात आपण आठवणी इतक्या भरल्या की औषधालाही जागा राहिली नाही. पण २०२१मध्ये वर्तमानपत्रांनी आणि गावोगावच्या आशाताईंनी तो पुन्हा कामाला लावला. 'लशीच्या कुप्या आल्या', 'कुप्या संपल्या' हे महाराष्ट्राने वर्षभर वाचलं, ऐकलं. दवाखान्याच्या भिंतीवर लस, कुटुंब नियोजन, हात धुवा हे सगळं मराठीत लिहिलेलं असतं. त्यात एक ओळ घालायला काय जातं? 'आज शिल्लक : सर्पदंश प्रतिविष, अमुक कुप्या.' आकडा खडूने लिहायचा, रोज. ती ओळ वाचता येणारा एक तरी पोरगा प्रत्येक पाड्यावर आहे. आणि चाराच्या जागी दहा दिसायला लागावेत म्हणून भांडणारी एक तरी आत्या आहे.

हे त्या तरुण डॉक्टरांना सुचवावं म्हणून नंतर एकदा गेलो होतो. त्यांची बदली झाली होती. नव्या बाई होत्या, त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि शिल्लक भिंतीवर लिहिली आणि कमी दिसली तर लोक ओरडतील, असं प्रामाणिकपणे सांगितलं. मी म्हटलं, तेच तर.

भिंत अजून कोरी आहे.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो. पोरगा आता चांगला उंच झालाय, कबड्डी खेळतो. घोड्याची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, त्यामुळे शाळेत सगळ्यांना सांगत फिरतो की माझ्या अंगात घोड्याचं रगत हाय. ओट्यावर कुणी नवीन पाव्हणा बसला होता, त्याला आत्या ती रात्र सांगत होती. सांगताना बोटं मोडत होती. "चार हितल्या. मंग सहा फुडच्या. दहा कुप्या. येक कमी नाय केली."

मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "ह्यो शिकलेला, आन मला म्हनतो बाटल्या!"